विहिरीच्या दगडात फिकट पितळी ठिपके: निकेलचं सल्फाइड असू शकेल का?

भिंगवाला कणकवली

नमस्कार मंडळी. मी कणकवलीत घड्याळं दुरुस्त करतो. भूशास्त्र शाळेच्या पुस्तकापलीकडे कधी वाचलं नाही, पण डोळ्याला भिंग अडकवून बसायचा धंदा असल्यामुळे बारीक काही दिसलं की सोडवत नाही.

यंदा मे महिन्यात जानवलीच्या बाजूला आमच्या पोफळीच्या बागेत विहीर खणली. वर जांभा, मग तांबूस-पिवळी माती, आणि तीस-पस्तीस फुटांनंतर हिरवट काळा दगड लागला. हाताला बुळबुळीत, फोडला की सरळ फुटत नाही, सोलपटं निघतात. खणणारे वैतागले. डबर बांधाला टाकलं आणि त्यातले चार चांगले तुकडे मी दुकानात आणले.

दहापट भिंगाखाली असं दिसतं. दगडभर काळे चकचकीत दाणे आहेत. त्या दाण्यांच्या कडेला आणि पांढुरक्या हिरव्या शिरांमध्ये धातूसारखे चमकणारे ठिपके आहेत. रंग पितळेपेक्षा फिकट, जर्मन सिल्व्हरपेक्षा पिवळट. घड्याळाच्या चकत्या रोज हाताळतो म्हणून हा फरक खात्रीने सांगतोय. सोनेरी अजिबात नाही. सगळ्यात मोठा ठिपका अर्धा मिलिमीटर भरेल. सुया नाहीत, चौकोनी स्फटिक नाहीत, आकार वेडेवाकडे.

एका क्रशरवाल्याने बघितलं आणि 'सोनामाखी आहे, टाकून द्या' म्हणाला. मी मात्र वाचलं की अशा हिरव्या दगडात हीझलवुडाइट नावाचं निकेलचं दुर्मिळ सल्फाइड मिळतं. तेव्हापासून झोप उडाली आहे.

प्रश्न दोन. हे ते असू शकेल का? आणि हीझलवुडाइट, मिलराइट, पेंटलँडाइट ही नावं वेगवेगळी कशावरून पडतात, सगळ्यांत निकेल आणि गंधकच असताना? घरच्या घरी काय तपासता येईल तेही सांगा. फोटो जोडलेत, पण मोबाइल भिंगाला टेकवून काढलेत, त्यातल्या रंगावर जाऊ नका.

चिरेबंदी

सोनां गावला काय रे बाबा? गावला असात तर आधी आमका सांग, मगे सरकाराक.

गंमत सोडा. माझ्या आजोळी, रत्नागिरीजवळ, विहिरीत जांभ्याखाली लिग्नाइटची काळी माती लागली होती, तिच्यात असेच चमकणारे गोळे होते. ते पायराइट निघाले. दोन पावसाळे अंगणात राहिले आणि त्यांची पांढरी-पिवळी भुकटी झाली, वर आंबट वास. तुमचंही तेच असणार. निकेल-बिकेल ओडिशाकडे, आपल्याकडे कुठलं?

आणि समजा निकेल निघालंच, तर गुंठ्याला किती मिळतील?

देवगडचा दगडफोड्या

नोकरीची सगळी वर्षं धातुकांच्या पॉलिश केलेल्या चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यात गेली. आता देवगडला कलमं सांभाळतो. फोटोवरून खनिजाचं नाव विचारणाऱ्यांना मी सहसा उत्तर देत नाही, कारण नाव सांगितलं की मंडळी खूश होऊन निघून जातात आणि दगड तसाच राहतो. तुम्ही मात्र दगडाबद्दल नीट लिहिलंत, म्हणून सविस्तर लिहितो.

चिरेबंदी, तुमच्या आजोळचं पायराइट खरं, पण ते लिग्नाइटच्या मातीतलं. तिथे झाडपाल्याच्या कुजण्यातून आलेला गंधक भरपूर असतो, लोहही भरपूर, मग पायराइट होणारच. भिंगवाल्यांच्या विहिरीतला दगड वेगळ्या कुळातला आहे. ठिपक्याकडे बघण्याआधी तो कशात बसलाय ते बघायचं. या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

हिरवट काळा, बुळबुळीत, सोलपटं निघणारा दगड म्हणजे सर्पेंटिनाइट, सर्पेंटाइन या खनिजाचा बनलेला खडक, असण्याची दाट शक्यता. जानवली-वागदे परिसरात अल्ट्रामॅफिक, म्हणजे मॅग्नेशियम आणि लोह भरपूर असलेले खडक आहेत आणि त्यांतला क्रोमाइट, क्रोमियमचं धातुक, भूशास्त्रीय लिखाणात जुन्या काळापासून नोंदलेला आहे. महाराष्ट्रात क्रोमाइटचं नाव निघालं की सिंधुदुर्ग आणि नागपूर-भंडारा याच बाजू पुढे येतात. तेव्हा तुमचे काळे दाणे क्रोमाइट किंवा मॅग्नेटाइट. फरक सोपा: बिनग्लेझच्या टाइलवर घासून बघा. क्रोमाइटचा कस, म्हणजे टाइलवरची रेघ, तपकिरी उमटतो, मॅग्नेटाइटचा काळा, आणि मॅग्नेटाइट लोहचुंबकाला झडप घालतं.

आता निकेल कुठून आलं? हा दगड मुळात ऑलिव्हिन या खनिजाचा होता. ऑलिव्हिनमध्ये मॅग्नेशियम आणि लोहाच्या जागी थोडं निकेल शिरलेलं असतं, साधारण ०.३ टक्के. अशा दगडात पाणी शिरलं की ऑलिव्हिनचं सर्पेंटाइन होतं. या बदलात लोहाचा एक भाग पाण्यातला ऑक्सिजन घेऊन मॅग्नेटाइट बनतो आणि पाण्यातला हायड्रोजन मोकळा होतो. हा हायड्रोजन महत्त्वाचा. त्याच्यामुळे दगडाच्या आतलं वातावरण इतकं क्षपणकारी, म्हणजे ऑक्सिजन हिरावून घेणारं, होतं की ऑक्सिजन आणि गंधक, दोन्हींचा तुटवडा पडतो. ऑलिव्हिनमधून सुटलेलं निकेल आणि आधीपासून दगडात असलेल्या सल्फाइडांतलं निकेल, या दोघांच्या वाट्याला गंधक फार थोडा येतो. मग तयार होतं ते सल्फाइड निकेलने गच्च आणि गंधकाने गरीब. तेच हीझलवुडाइट. गंधक त्याहून कमी पडला तर सल्फाइड बनतच नाही, निकेल आणि लोहाचा नैसर्गिक मिश्रधातू बनतो, त्याला अवारुआइट म्हणतात. न्यूझीलंडच्या अवारुआ उपसागराच्या बाजूला तो १८८५ मध्ये प्रथम नोंदला गेला. सर्पेंटिनाइटमध्ये हे दोघे पुष्कळदा शेजारी-शेजारी दिसतात, सोबत मॅग्नेटाइट.

आता नावांचं. तुम्ही म्हणता सगळ्यांत निकेल आणि गंधकच आहे. बरोबर, पण प्रमाण बघा.

हीझलवुडाइटमध्ये निकेलचे तीन अणू, गंधकाचे दोन. वजनाने निकेल ७३.३ टक्के. गॉडलेव्हस्काइटमध्ये नऊला आठ. मिलराइटमध्ये एकास एक, निकेल ६४.७ टक्के. पॉलिडायमाइटमध्ये तीनाला चार, निकेल जवळजवळ ५८ टक्के. व्हेसाइटमध्ये एकाला दोन, निकेल ४८ टक्क्यांच्या आत. वरून खाली येताना गंधक वाढत जातो. म्हणजे कुठलं नाव मिळेल हे त्या जागी गंधक किती उपलब्ध होता यावर ठरतं.

खनिजांचं आज सर्रास वापरलं जाणारं वर्गीकरण निकेल-स्ट्रंट्स या नावाने ओळखलं जातं. त्यातलं निकेल म्हणजे धातू नव्हे, अर्नेस्ट निकेल नावाचे खनिजशास्त्रज्ञ. योगायोग. त्या वर्गीकरणात दोन क्रमांकाचा वर्ग सल्फाइडांचा, आणि त्याचे पोटभाग याच प्रमाणावर पाडलेत. गंधकापेक्षा धातू जास्त तो 'बी' गट: हीझलवुडाइट आणि पेंटलँडाइट दोन्ही २-बीबी मध्ये. बरोबरीचे ते 'सी': मिलराइट २-सीसी. मग तीनाला चारवाले 'डी', तिथे पॉलिडायमाइट. आणि गंधक दुप्पट ते 'ई', तिथे व्हेसाइट.

पण नुसत्या प्रमाणाने खनिज ठरत नाही, अणूंची मांडणीही लागते. व्हेसाइटची मांडणी पायराइटसारखीच, फक्त लोहाच्या जागी निकेल, म्हणून ते पायराइट गटात. पॉलिडायमाइट स्पिनेल या खनिजाच्या ठेवणीचं. हीझलवुडाइटची तऱ्हा मला सगळ्यात आवडते. त्यात गंधकाचे अणू जवळजवळ घनाकृती जाळ्यात बसतात, निकेल त्यांच्यामधल्या चतुष्फलकी पोकळ्यांत, आणि निकेलचे अणू एकमेकांच्या इतके जवळ येतात की ते अंतर शुद्ध निकेल धातूतल्या अंतराच्या आसपास जातं. म्हणून ते वीज धातूसारखी वाहून नेतं. जाळं किंचित तिरकं झाल्यामुळे स्फटिक घनाकृती न राहता त्रिकोणी प्रणालीत जातो. ५५६ अंश सेल्सिअसच्या वर गरम केलं तर घनाकृती रूप येतं, थंड झालं की पुन्हा त्रिकोणी.

गुणधर्म: रंग फिकट कांस्य, चमक धातूची, कसही फिकट कांस्यच, कठिनता ४, विशिष्ट गुरुत्व ५.८२. पहिली नोंद १८९६ मध्ये पेटर्ड यांनी केली, टास्मानियातल्या हीझलवुड भागातून, तिथल्या लॉर्ड ब्रासी खाणीच्या सर्पेंटिनाइटमधून. नाव त्या जागेचंच. दुर्मिळ म्हणतात ते त्याच्या दाण्यांच्या आकारामुळे. जगभरच्या सर्पेंटिनाइटमध्ये ते सापडतं, पण बहुतेक वेळा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. गंमत अशी की निकेल गाळणाऱ्या भट्टीत हेच संयुग टनावारी बनतं. कॅनडातल्या सडबरीला तांबं-निकेलचा मॅट, म्हणजे भट्टीतून निघालेला सल्फाइडांचा रस, मुद्दाम सावकाश थंड करतात, म्हणजे त्यात निकेलच्या या सल्फाइडाचे आणि तांब्याच्या सल्फाइडाचे दाणे वेगवेगळे वाढतात आणि दळून वेगळे काढता येतात.

आता तुमच्या ठिपक्यांवर येतो. अर्धा मिलिमीटर हे हीझलवुडाइटसाठी बरंच मोठं आहे. अशक्य नाही, पण माझा पहिला संशय पेंटलँडाइटवर. ते लोह आणि निकेल दोघांचं सल्फाइड, जगातलं निकेलचं मुख्य धातुक, आणि अल्ट्रामॅफिक खडकात मुळापासून असतं. खरी अडचण पुढे आहे: पेंटलँडाइटचा रंग फिकट कांस्य, कस फिकट कांस्य-तपकिरी, कठिनता ३.५ ते ४. म्हणजे टाइल आणि सुई घेऊन तुम्ही या दोघांना वेगळं करू शकणार नाही. मीही करू शकत नाही.

घरी जे जमेल ते एवढंच:

तुमच्या कामाची पोलादी सुई ठिपक्यावर ओढा. ओरखडा उठला तर पायराइट, म्हणजे क्रशरवाल्याची सोनामाखी, नाही, कारण त्याची कठिनता ६ ते ६.५ असते, सुई नुसती घसरते. सुईने एक ठिपका सुटा करून चुंबकाजवळ न्या. ओढला गेला आणि रंग गडद कांस्य असेल तर पायऱ्होटाइट, लोहाचं चुंबकीय सल्फाइड. ओढला गेला आणि रंग चांदीसारखा पांढरा असेल तर मला लगेच कळवा, ते अवारुआइट असेल. मिलराइट बहुधा नाहीच. ते पितळी पिवळं असतं, कस हिरवट काळा, आणि केसासारख्या सुयांच्या झुबक्यात वाढतं, चुनखडीच्या पोकळ्यांत किंवा कार्बोनेटच्या शिरांत. तुम्ही सुया नाहीत म्हणालात.

अजून एक बघा. जे तुकडे जांभ्याच्या जवळून, म्हणजे वरच्या थरातून निघालेत, त्यांच्यावर कुठे पाचूसारखा हिरवा पातळ थर दिसतो का? निकेलची सल्फाइडं कुजली की हिरवी निकेल कार्बोनेटं, सिलिकेटं तयार होतात. लॉर्ड ब्रासीच्या हीझलवुडाइटवर तसा हिरवा झरटाइटचा थर असतो. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यामुळे वरच्या भागात सल्फाइड टिकणं कठीण. तुम्हाला ते दिसलं कारण विहीर कुजलेल्या थराच्या खाली गेली.

आणि एक ताकीद. दगड कोरडा घासू नका, ग्राइंडर तर लावूच नका. निकेलचं हे सल्फाइड धुळीच्या रूपात श्वासात गेलं तर घातक आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने निकेलची संयुगं पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करणाऱ्यांत टाकली आहेत. शिवाय सर्पेंटिनाइटच्या शिरांत क्रिसोटाइल, म्हणजे ॲस्बेस्टॉसचे तंतू असू शकतात. तुमच्या त्या पांढुरक्या हिरव्या शिरा रेशमासारख्या धाग्यांच्या निघत असतील तर त्या उकरू नका. घासायचं तर पाण्यात ओला ठेवून.

गुंठ्याच्या भावाबद्दल: खनिज सापडणं आणि खाण असणं यात फार अंतर आहे. १९५७ च्या खाण कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय असं खनिज काढून विकता येत नाही, आणि अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्यांसाठी परवाना मागायला कोणी जाणारही नाही. पोफळी लावा.

काचकाम चिपळूण

विषयांतर होतंय, पण निकेल सल्फाइड वाचून राहवलं नाही. आम्ही हॉटेलांना, बंगल्यांना टफन्ड काच बसवतो. किनाऱ्यावरच्या एका इमारतीत बसवून कित्येक महिने झाल्यावर एक मोठी काच रात्री आपोआप फुटली. कोणी हात लावला नाही, वारा नाही. मालक म्हणाला खारी हवा, मी म्हटलं फ्रेम घट्ट झाली असेल. काच पुरवणाऱ्याकडून उत्तर आलं, 'निकेल सल्फाइड इन्क्लूजन'. मला वाटलं जबाबदारी झटकतायत. हे खरंच असतं का, आणि हे तुमचंच खनिज का?

देवगडचा दगडफोड्या

खरं असतं. खारी हवा इथे निर्दोष आहे.

काचेच्या कच्च्या मालातून किंवा भट्टीच्या यंत्रांतल्या निकेलयुक्त पोलादातून निकेलचा कण वितळलेल्या काचेत जातो, गंधकाशी मिळतो आणि सल्फाइडाचा गोळा बनतो. आकार मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. प्रमाण एकास एकचं, म्हणजे मिलराइटचं. पण मिलराइटचं हे रूप ३७९ अंशांच्या खालीच टिकतं. त्याच्या वर मांडणी वेगळी, षट्कोनी, आणि जास्त दाट. काच टफन्ड करताना सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन थंड करतात. त्या घाईत गोळ्याला रूप बदलायला वेळ मिळत नाही, तो वरच्या तापमानाचं रूप घेऊनच अडकतो. मग साध्या हवेत, महिन्यांनी किंवा वर्षांनी, तो हळूहळू मिलराइट होतो आणि आकारमान दोन ते चार टक्के वाढतं. टफन्ड काचेचा पोटातला भाग आधीच ताणलेला असतो. गोळा तिथे असला की तडा तिथूनच सुटतो. साध्या काचेत तोच गोळा असला तरी काही बिघडत नाही, तिच्यात तो ताण नसतो.

पुढच्या वेळी फुटलेले तुकडे फ्रेममध्येच अडकलेले असतील तर झाडण्याआधी बघा. ज्या जागी फूट सुरू झाली तिथे दोन मोठे तुकडे एकमेकांना चिकटून, फुलपाखराच्या पंखांसारखे दिसतात, आणि मधल्या रेषेवर काळा ठिपका. तो भिंगवाल्यांना द्या. आणि ऑर्डर देताना हीट सोक केलेली काच मागा. कारखान्यातच काच तासन्‌तास तापवून ठेवतात, ज्या फुटायच्या त्या तिथेच फुटतात. खर्च वाढतो, पण रात्री फोन येत नाही.

रसायनवाल्या बाई

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. निकेल आहे की नाही एवढं आमच्या प्रयोगशाळेत कळेल. डायमिथिल ग्लायॉक्झिम, मुलं डीएमजी म्हणतात. चुगाएव्ह या रशियन रसायनशास्त्रज्ञाने १९०५ मध्ये निकेलसाठी हा अभिकारक दिला, आणि आजही बारावीच्या मुलांना तोच लाल रंग दाखवून आम्ही टाळ्या घेतो.

सुईने फक्त ठिपका काढायचा. वॉच ग्लासवर विरल नायट्रिक आम्लाचे दोन थेंब, किंचित गरम. मग थोडं सायट्रिक आम्ल, नाहीतर अमोनिया घातल्यावर लोहाचा तपकिरी साका बसतो आणि त्यात काही दिसत नाही. मग अमोनिया, वास टिकेपर्यंत. शेवटी डीएमजीचा अल्कोहोलमधला द्राव. निकेल असेल तर लालचुटुक साका.

भिंगवाले भाऊ, हे दुकानात करू नका. नायट्रिक आम्लाच्या वाफेने तुमच्या घड्याळांचं काय होईल ते तुम्हीच जाणा. ठिपके काढून कागदाच्या पुडीत आणा, आणि सोबत ठिपका नसलेला नुसता दगडाचा चुराही आणा, तुलनेला.

देवगडचा दगडफोड्या

बाईंनी तुलनेचा चुरा मागितला, तो आणाच. सर्पेंटाइनमध्ये स्वतःचं थोडं निकेल असतं आणि आम्लात ते थोडंफार उतरतं. नुसता दगडही गुलाबी झाला तर दचकू नका. ठिपक्याचा रंग त्याच्यापेक्षा कितीतरी गडद यायला हवा, तरच त्या लालीला अर्थ.

भिंगवाला कणकवली

सर, बाई, दोघांचे आभार. सांगितलंत तसं केलं.

पोलादी सुई ठिपक्यावर ओढली, ओरखडा स्वच्छ उठला. तांब्याच्या तारेने उठत नाही. म्हणजे क्रशरवाल्याची सोनामाखी बाद. टाइलवर ओल्यानेच घासून बघितलं, ठिपका इतका लहान की रेघ जेमतेम दिसते, पण दिसते ती फिकट तपकिरी, काळी नाही. काळे दाणे दोन प्रकारचे निघाले. काही चुंबकाला धावून चिकटतात, काही ढिम्म, आणि त्या ढिम्म दाण्यांचा कस तपकिरी आहे.

ठिपक्यांचं चुंबकाशी मात्र कोडं आहे. बहुतेक ठिपके हलत नाहीत. एक-दोन हलले, पण भिंगाखाली बघितलं तर त्यांच्या पाठीला काळा दाणा चिकटलेला. तो खरवडून काढल्यावर हलायचे थांबले.

मग बाईंकडे गेलो. ठिपक्याच्या वॉच ग्लासमध्ये लाल साका आला, प्रयोगशाळेतल्या मुली बघायला जमल्या. नुसत्या दगडाच्या चुऱ्यात फिकी गुलाबी छटा. बाई म्हणाल्या फरक डोळ्यांना स्पष्ट आहे.

हिरवा थरही सापडला. वरच्या थरातल्या एका तुकड्याच्या भेगेत, पाचूपेक्षा फिकट, शेवाळ म्हणून मी ब्रशने घासणार होतो. तेवढ्यात तुमचं वाक्य आठवलं.

आता हे हीझलवुडाइट म्हणायचं का?

चिरेबंदी

निकेल निघाला मरे! जानवलीचां नाव जगात जाताला. आजोळच्या पायराइटाबद्दल मी काही बोललो नव्हतो असं समजा.

देवगडचा दगडफोड्या

नाही म्हणायचं. अजून नाही.

इथपर्यंत काय सिद्ध झालं ते बघू. ठिपका निकेलचा आहे, मऊ आहे, चुंबकीय नाही, कस काळा नाही. पायराइट गेलं, पायऱ्होटाइट गेलं, मिलराइट गेलं, अवारुआइटही गेलं. राहिले दोन, हीझलवुडाइट आणि पेंटलँडाइट, आणि या दोघांमध्ये डीएमजी काहीच निवाडा करत नाही, कारण निकेल दोघांतही आहे. चुंबकही करत नाही. पाठीला मॅग्नेटाइट चिकटलं होतं हे चांगलं लक्षण आहे, दोघांसाठीही.

निवाडा करायला पॉलिश केलेली चकती लागते. दगडाचा तुकडा रेझिनमध्ये बसवून आरशासारखा घासतात आणि परावर्तित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. दोन ध्रुवक, म्हणजे प्रकाश एकाच दिशेत गाळणाऱ्या गाळण्या, एकमेकांना काटकोनात लावायचे आणि मंच फिरवायचा. पेंटलँडाइट घनाकृती प्रणालीतलं, त्यामुळे मंच कितीही फिरवा, दाणा काळाच राहतो. हीझलवुडाइट त्रिकोणी प्रणालीतलं, ते एका पूर्ण फेरीत चार वेळा उजळतं आणि चार वेळा मावळतं, आणि त्याचा हा गुण इतका ठळक असतो की नवशिक्यालाही चुकत नाही. या परीक्षेला पाच मिनिटं लागतात. तिच्यासाठी लागणारी चकती करायला मात्र दिवस जातो, आणि ती नीट करणारी माणसं कमी होत चालली आहेत.

माझा अंदाज विचाराल तर मोठे ठिपके पेंटलँडाइटचे निघतील, आणि त्यांच्या कडेला, मॅग्नेटाइटला लागून, हीझलवुडाइटची बारीक किनार असेल. सर्पेंटाइन होताना पेंटलँडाइटमधून गंधक आणि लोह निघून जातात, लोहाचं मॅग्नेटाइट होतं, मागे निकेलवालं सल्फाइड उरतं. कडेपासून आत असा तो बदल होतो. तसं दिसलं तर मला नुसत्या हीझलवुडाइटच्या ठिपक्यापेक्षा जास्त आनंद होईल, कारण त्या एका दाण्यात दगडाचा सगळा प्रवास वाचता येतो. चकती झाल्यावर इलेक्ट्रॉन प्रोब, म्हणजे दाण्यातली मूलद्रव्यं मोजणारं यंत्र, मिळाला तर तोही करून घ्या. हीझलवुडाइटमध्ये निकेल सत्तरच्या वर दिसेल, पेंटलँडाइटमध्ये तिशीत, आणि बाकी लोह व गंधक.

भूशास्त्र विभाग असलेल्या एखाद्या महाविद्यालयाला विचारा. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाला असा दगड म्हणजे पर्वणी असते, पैसे मागणार नाहीत.

भिंगवाला कणकवली

एका महाविद्यालयाशी बोलणं झालं सर. दगड पाठवा म्हणाले, पण चकती गणपती झाल्यावर. आता सिंधुदुर्गात गणपतीच्या आधी कुठलं काम होतं, मी काही बोललो नाही. कोणता तुकडा पाठवू? सगळ्यात जास्त ठिपके असलेला, की हिरव्या थराचा?

देवगडचा दगडफोड्या

दोन्ही, पण वेगळ्या पुड्यांत. आधी प्रत्येकाचा अर्धा भाग स्वतःकडे ठेवा. गेलेला दगड परत येतोच असं नाही. प्रत्येक पुडीवर लिहा: गाव, विहिरीतली खोली अंदाजे किती फूट, जांभ्यापासून किती खाली. खोली न लिहिलेला नमुना माझ्याकडे कोणी आणला तर मी परत पाठवायचो. ठिपक्यांचा तुकडा देताना काळे दाणे आणि शीर दोन्ही एकाच कापात येतील असा पट्टा खडूने आखून द्या, नाहीतर ते सोयीचा कोपरा कापतील आणि कडेची किनार करवतीत जाईल.

हिरव्या थराचा तुकडा धुऊ नका, व्हिनेगर किंवा लिंबू तर नकोच. तो कार्बोनेट असेल तर फसफसून निघून जाईल. वर्तमानपत्रात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये ओला कोंडू नका.

रसायनवाल्या बाई

हिरव्याचा एक कण माझ्याकडेही राहू दे. विरल आम्लात बुडबुडे येतात का ते मी भिंगाखाली बघते, आणि त्याच द्रावात डीएमजी घालते. फसफसला आणि लाल झाला तर निकेल कार्बोनेट, नुसता लाल झाला तर सिलिकेटाकडे बघू. सोमवारी या, शनिवारी प्रात्यक्षिक परीक्षा आहे.

भिंगवाला कणकवली

सोमवारी दुकान बंदच असतं, सकाळीच येतो. पट्टा पांढऱ्या खडूने आखलाय, शीर आणि तीन काळे दाणे त्यात येतात. फोटो जोडतो, सर, एकदा नजर टाका, मगच पार्सल बांधतो.

देवगडचा दगडफोड्या

पट्टा अर्धा बोट डावीकडे घ्या. उजवीकडच्या दाण्याला किनार दिसत नाही, डावीकडच्या दोघांना दिसते.